जुना फोटो नेमका कुठला? आधी मान वर करा

या खेपेला पत्रांबरोबर इतके फोटो आले की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल असे प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम गाळली, फक्त गावं ठेवली.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, कारण निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे. मी नोकरीभर नकाशे काढले आणि जुने फोटो ओळखायचा नाद त्यातूनच लागला. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. दुकान बदलतं, पाटी बदलते, तळमजल्याला ग्रॅनाइट लागतं, फूटपाथ वीतभर वर येतो. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी मात्र सहसा कोणी बदलत नाही, कारण तिथं खर्च करून गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून फोटो घेऊन रस्त्यावर गेलात की समोर बघू नका, वर बघा. खिडक्यांच्या कमानी, सज्जाखालचे ब्रॅकेट, गच्चीच्या कठड्याची नक्षी. ओळख पटते ती तिथं.

प्रश्न : आजोबांच्या अल्बममध्ये मुंबईचा एक फोटो आहे. मागे पेन्सिलीने ‘हॉर्नबी रोड’ लिहिलंय. रस्त्यावर ट्राम आहे, डावीकडे मोठ्या घुमटाची इमारत, उजवीकडे थोडी पुढे दुसरी, तिलाही मनोरा आणि घुमट. हे सीएसएमटी आणि महापालिका असणार असं वाटतं, पण तिथं जाऊन तीनदा उभी राहिले तरी फोटो जुळत नाही. कुठून काढला असेल? — डोंबिवली

तुम्ही दोन्ही इमारती अगदी बरोबर ओळखल्या आहेत. जागाही बरोबर शोधलीत. हॉर्नबी रोड म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रोड. चूक तुमची नाही, फोटोची आहे. तो उलटा छापलेला आहे, आरशात दिसावा तसा.

आता हे कसं कळलं ते सांगतो. फ्लोरा फाउंटनकडून बोरीबंदरकडे चालत या. स्टेशन उजव्या हाताला येतं आणि महापालिका डाव्या अंगाला, समोर. महापालिकेची इमारत दोन रस्त्यांच्या बेचक्यात बसवली आहे. तिचं निमुळतं तोंड, त्यावरचा मनोरा, हे सगळं दक्षिणेला, म्हणजे आपल्याकडे. हे तोंड फोटोत दिसत असेल तर स्टेशन उजवीकडेच असलं पाहिजे. उलट क्रॉफर्ड मार्केटकडून आलात तर स्टेशन डावीकडे येतं खरं, पण तेव्हा महापालिकेचं तोंड दिसत नाही, कूस दिसते. तुमच्या फोटोत तोंडही दिसतं आणि स्टेशनही डावीकडे. अशी जागा पृथ्वीच्या पाठीवर नाही.

खात्री करायला तुमच्या स्कॅनमध्ये स्टेशनच्या मोठ्या घुमटावर झूम केलं. तिथं ‘प्रगती’चा पुतळा आहे. तिच्या उजव्या हातात वर धरलेली मशाल असते, डाव्या हाताशी चाक. तुमच्याकडे मशाल डाव्या हातात आहे. शिवाय व्हिक्टोरिया घोडागाडी रस्त्याच्या उजव्या अंगाने चालली आहे, आणि मुंबईत असं चालवणाऱ्याला हवालदाराने केव्हाच धरला असता. काचेची निगेटिव्ह छापताना उलट बाजूने ठेवली गेली की हे होतं. मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या जुन्या दिव्याच्या, काचांचं तर विचारूच नका.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एकदा एका सभागृहात मी स्वतः अशीच उलटी स्लाइड दाखवून दहा मिनिटं बोललो होतो. मागच्या रांगेतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, “बाकी सगळं छान, पण घड्याळ उलटं चाललंय.” तेव्हापासून कुठलाही फोटो आला की मी आधी त्याचं डावं-उजवं तपासतो, मग बाकीचं.

आता काळ. व्हिक्टोरिया टर्मिनस १८८७ चं, महापालिकेची इमारत १८९३ मध्ये पुरी झाली. ट्रामच्या डोक्यावर तार दिसते, म्हणजे ती विजेची. मुंबईत घोड्याची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली आणि विजेची ७ मे १९०७ ला. महापालिकेसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा १९२३ मध्ये बसला. तुमच्या फोटोत ती जागा मोकळी आहे. म्हणजे १९०७ ते १९२३. दुमजली ट्राम १९२० मध्ये आली आणि फोटोत ती दिसत नाही, म्हणून फोटो १९२० च्या आधीचा, असं मात्र म्हणू नका. ट्राम येते-जाते. त्या क्षणी ती नसेल. पुतळा चहा प्यायला गेलेला नसतो.

तुमच्या फोटोत तार आहे हे तुमचं नशीब. जुन्या पोस्टकार्डांवर तारा खोडून टाकायची पद्धत होती, चित्र स्वच्छ दिसावं म्हणून. तेव्हा तार असली तर पुरावा, नसली तर फक्त शंका.

प्रश्न : गणपतीच्या मिरवणुकीचा फोटो आहे, गिरगावातला. बाबा म्हणतात कांदेवाडी, काका म्हणतात ठाकूरद्वारचा नाका. घरात दोन तट पडलेत. सोडवा. — बोरिवली

दोन तट पडणं स्वाभाविक आहे. कांदेवाडी, म्हणजे आताचा खाडिलकर रोड, ही केशवजी नाईक चाळीची गल्ली. तिथं १८९३ पासून गणपती बसतो. त्यामुळे गिरगावातला मिरवणुकीचा कुठलाही फोटो दिसला की माणूस आधी तेच नाव घेतो. नेमकं म्हणूनच ते नाव शेवटी घ्यावं.

मिरवणुकीच्या फोटोत गर्दीने तळमजला झाकलेला असतो. उत्तमच. नाहीतरी तळमजल्याचा उपयोग नव्हता. गॅलऱ्यांकडे बघा. तुमच्या फोटोत डावीकडच्या चाळीला रस्त्याच्या अंगाला लाकडी गॅलरी आहे, जिन्याच्या एका बाजूला पाच खांब, दुसऱ्या बाजूला सात. असा विषम हिशोब दोन चाळींत सारखा सापडणं अवघड. आज त्या गॅलऱ्यांना खिडक्या लागून खोल्या झाल्या असतील, पण खांबांमधली अंतरं तीच राहतात. एक सावधगिरी घ्या. दुरुस्ती मंडळाने सत्तरच्या दशकापासून शेकडो चाळींचे लाकडी खांब काढून लोखंडी तुळया घातल्या. तेव्हा नक्षी जुळली नाही म्हणून चाळ बाद करू नका, आकडे जुळतात का बघा.

रस्त्यावर ट्रामचे रूळ दिसले तर तो मोठा रस्ता, आतली वाडी नव्हे. तुमच्या फोटोत माणसांच्या पायांतून एक रेघ चमकते आहे, पण ती रूळ आहे की पाण्याचा ओघळ हे या प्रतीवरून सांगणं धाडसाचं होईल. मूळ प्रत पुन्हा, जास्त रिझोल्यूशनला स्कॅन करून पाठवा.

दुकानाच्या पाटीवर ‘मुंबई ४’ वाचता येतं हे तुम्ही लिहिलंत. शाब्बास. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्याआधी मोठ्या शहरांत नुसता टपाल विभागाचा आकडा लिहीत, आणि पुढे तोच आकडा पिनकोडच्या शेपटीला राहिला. मुंबई ४ म्हणजे ४००००४, गिरगाव. मुंबई २ म्हणजे काळबादेवी, मुंबई २८ म्हणजे दादर, पुणे ३० म्हणजे सदाशिव पेठ. पाटीवरचं नाव वाचता आलं नाही तरी शेवटचा आकडा पुष्कळदा वाचता येतो. तुमच्या दोन्ही तटांचा गिरगाव आकड्याने सिद्ध झाला, एवढं तरी घरात सांगा.

आणखी एक, यावर पत्रं फार येतात. कठड्यावर कोरलेलं साल सरसकट इसवी सन समजू नका. मुंबईत चार पंचांगं एका रस्त्यावर नांदली. गुजराती मालकाच्या इमारतीवर संवत असतो, मराठी मालकाने कधी शके घातलेला असतो, पारशी इमारतीवर यझदगर्दी. संवत १९५०, शके १८१५ आणि यझदगर्दी १२६३ ही तिन्ही सालं जवळजवळ एकच, १८९३-९४. संवतातून साधारण ५७ वजा करा, शकात ७८ मिळवा, यझदगर्दीत ६३० मिळवा. एका वाचकांनी ‘१९५२’ वाचून इमारत स्वातंत्र्यानंतरची ठरवली होती. खाली गुजरातीत ‘संवत’ होतं, ते पारव्यांनी झाकलं होतं.

प्रश्न : वडिलांचा तरुणपणचा फोटो, पुण्यातला, आमच्या जुन्या बिऱ्हाडाच्या गच्चीवर काढलेला. मागे रस्ता आणि कौलारू घरं, डावीकडे मंडईचा मनोरा, उजवीकडे एक देवळाचा कळस. वाडा कधीच पडला. आत्या म्हणते तो बाजीराव रोडच्या बाजूला होता, काका म्हणतात शिवाजी रोडच्या. फोटोवरून कळेल का? — पुणे

कळेल. आणि हा फोटो मला फार आवडला, कारण मागे उभे असलेले दोघेही अजून जागच्या जागी आहेत.

मनोरा मंडईचाच, अष्टकोनी. १८८६ मध्ये उघडली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं, आज महात्मा फुले मंडई. कळस तुळशीबागेच्या राममंदिराचा. तुळशीबाग मंडईच्या उत्तरेला आहे. आता सोपं आहे. बाजीराव रोडच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून, पूर्वेकडे बघाल तर उत्तर तुमच्या डाव्या हाताला येते, म्हणून कळस डावीकडे आणि मंडई उजवीकडे. शिवाजी रोडच्या बाजूने पश्चिमेकडे बघाल तर उलट, मंडई डावीकडे आणि कळस उजवीकडे. तुमच्या फोटोत मंडई डावीकडे आहे. काका बरोबर.

पण आत्याला फोन करायच्या आधी डोंबिवलीच्या ताईंचं उत्तर वाचा. फोटो उलटा छापलेला नाही ना? वडिलांच्या शर्टाचा खिसा बघितला, डाव्या छातीवर आहे. घड्याळ डाव्या मनगटावर. फोटो सुलट आहे. आता करा फोन.

बाजू कळली, पण वाडा नेमका कुठं? इथं जरा दम धरा. डोळ्यासमोर अंगठा धरा, एक डोळा मिटा आणि मान थोडी उजवीकडे न्या. अंगठा लांबच्या खिडकीवरून डावीकडे सरकतो. शहरातही हेच होतं. जवळची वस्तू लांबच्या वस्तूसमोर सरकते, आणि कॅमेरा नेमका कुठं होता हे त्या सरकण्यात लपलेलं असतं. तुमच्या फोटोत मंडईच्या मनोऱ्याची उजवी कड एका दगडी भिंतीच्या कोपऱ्याला अगदी चिकटली आहे. तो कोपरा ज्या घराचा आहे ते घर आज शिल्लक असेल, तर नकाशावर पट्टी ठेवा. मनोऱ्याच्या कडेवरून त्या कोपऱ्यावरून रेघ ओढा आणि पुढे वाढवा. तुमची गच्ची त्या रेघेवर कुठंतरी होती, दुसरीकडे कुठंच नाही. मग कळसासाठी असाच दुसरा जोड शोधा. फोटोत कळसाच्या थोडं अलीकडे पिंपळाचा शेंडा आहे. झाडावर मी कधी भरवसा ठेवत नाही, त्यामागची खापरी कौलांची पाखी बघा. दुसरी रेघ मिळाली की दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतील तिथं तुमच्या वडिलांचे पाय.

एकच इमारत ओळखून थांबू नका, असं मी कानीकपाळी ओरडतो ते याचसाठी. एका इमारतीवरून फक्त पेठ कळते. दोन इमारती आणि त्यांच्यातली फट, यांवरून गच्ची कळते.

पुण्याबाबत जाता जाता. नदीकाठच्या पेठांचे फोटो असतील तर १२ जुलै १९६१ ही तारीख डोक्यात ठेवा. पानशेतच्या पुरात तिथले वाडे एका दिवसात गेले, आणि १९६० च्या फोटोतला रस्ता आजच्या रस्त्याशी जुळवताना खाली काहीच उरलेलं नसतं. उलट बुधवार चौकाच्या फोटोत मोठा सरकारी वाडा दिसला तर आनंदाने उडी मारा. बुधवार वाडा मे १८७९ मध्ये जळाला. तो फोटो त्याआधीचा.

प्रश्न : एका नातेवाइकांनी फॉरवर्ड केलेला रंगीत फोटो पाठवतो आहे. खाली लिहिलंय ‘मुंबई, १८९०, गेटवेच्या आधीचा अपोलो बंदर’. ताजमहाल हॉटेल स्पष्ट दिसतं. खरा आहे का? — न्यू जर्सी

जागा खरी, साल खोटं, रंग काल्पनिक, आणि अर्ध्या खिडक्या कुणीतरी नव्याने बसवलेल्या.

ताज १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं. १८९० मध्ये ते असणं शक्य नाही. गेटवेची कोनशिला ३१ मार्च १९११ ला बसली, पण कमान पुरी होऊन उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. तेव्हा ताज आहे आणि गेटवे नाही, असा फोटो या दोन टोकांच्या मधला. साल चुकलेला फोटो खोटा नसतो, एवढं त्या नातेवाइकांच्या वतीने सांगतो.

खरी अडचण वेगळी आहे. हल्ली जुने फोटो ‘सुधारून’ देणारी ॲप आली आहेत. ती धूसर जागी आपल्या मनाने भर घालतात. तुमच्या फोटोत ताजच्या एका मजल्यावर डावीकडे नऊ खिडक्या आहेत आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर आठ, तिरक्या. पाटीवरची अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात, पण वाचायला गेलं तर कुठल्याच भाषेची नाहीत. इमारतीवरून जागा ओळखणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे खिडक्यांचा हिशोब, आणि ॲप नेमका तोच बिघडवतं. मूळ करडा, खरवडलेला, डाग पडलेला फोटो मिळवा. जुन्या रंगीत पोस्टकार्डांचंही तसंच. पुष्कळशी जर्मनीत हाताने रंगवून छापली जात, आणि रंगवणाऱ्याने मुंबई बघितलेली नसे. छप्पर लाल दिसतं म्हणून कौलारू समजू नका.

ताज चुकून उलटं बांधलं गेलं ही कथा तुम्हीही लिहिली आहेत. मोडून काढतो. मूळ प्रवेश शहराच्या बाजूनेच होता. आज तिथं पोहण्याचा तलाव आहे. जुन्या फोटोत गाड्या त्या बाजूला उभ्या दिसल्या तर गोंधळू नका.

प्रश्न : आमचे पणजोबा गायकवाड सरकारात नोकरीला होते. फोटोमागे फक्त ‘मांडवी’ लिहिलंय. मुंबईची मांडवी की बडोद्याची? — वडोदरा

बडोद्याची. चौकाच्या मधोमध चौरस इमारत आहे, प्रत्येक बाजूला तीन-तीन कमानी, आणि तिच्यावर चढवलेले मजले. मुंबईच्या मांडवीत, मशीद बंदरच्या त्या गजबजाटात, असा चौक नाही. ज्या कमानीतून फोटो काढला तिच्यातून समोर जो दरवाजा दिसतो तो ओळखा. मांडवीपासून चार दिशांना चार दरवाजे आहेत, लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. समोर कुठला आहे हे कळलं की छायाचित्रकाराची पाठ कुठं होती तेही कळलं.

प्रश्न : सर, मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सावलीवरून फोटोची दिशा आणि वेळ काढता येते असं वाचलं. क्रॉफर्ड मार्केटच्या १९३० च्या आसपासच्या फोटोवर, डिसेंबर महिना धरून, प्रयोग केला. घड्याळात चार वाजलेत, पण सावली चारची वाटत नाही, ॲपमध्ये ती आणखी लांब दाखवतात. माझं गणित चुकलं का? — मुंबई

नाही रे बाबा, तुझं गणित बरोबर आहे. घड्याळही बरोबर आहे. तुम्हा दोघांची वेळ वेगळी आहे.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ होती ४ तास ५१ मिनिटं पुढची, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. रेल्वेने नवी वेळ घेतली, पण मुंबई महापालिका अडून बसली आणि १९५५ पर्यंत मुंबई वेळच पाळत राहिली. क्रॉफर्ड मार्केट महापालिकेचं. तिथं चार वाजले तेव्हा बोरीबंदर स्टेशनात चार वाजून एकोणचाळीस मिनिटं झाली होती. एका शहरात दोन वेळा, तेही पाच मिनिटांच्या चालीवर! गाडी चुकलेल्यांनी काय शिव्या घातल्या असतील.

तुझ्या ॲपला ही भानगड ठाऊक नाही, ते आजची वेळ गृहीत धरतं. ॲपमध्ये चारऐवजी ३९ मिनिटं पुढची वेळ टाक... थांब, दिशा नीट लक्षात घे. फोटोतल्या चारला सूर्य तिथं होता जिथं तो ॲपच्या ४:३९ ला असतो, म्हणून सावली ॲपच्या चारपेक्षा *लांब* दिसायला हवी. तू लिहितोस की ॲपमध्ये ती आणखी लांब आहे. तेव्हा वेळेच्या जोडीने तुझी तारीखही चुकली आहे. तू डिसेंबर धरला आहेस. तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि सावल्या लांबतात. एप्रिल धरून पुन्हा कर, ४:३९ टाकून. माझ्या पट्टीने तरी जुळतं आहे.

मुंबई वेळेत एक मजा आहे, ती तुझ्या कामाची. ती जवळजवळ सूर्याचीच वेळ. मुंबई वेळेप्रमाणे बारा वाजले की सूर्य माथ्याच्या रेघेवर, वर्षातल्या दिवसागणिक फार तर पंधरा-सोळा मिनिटं इकडेतिकडे. म्हणजे १९५५ पूर्वीच्या महापालिकेच्या घड्याळाचा फोटो म्हणजे जणू सावलीयंत्र. भिंत, घड्याळ आणि सावली एका चौकटीत मिळाली की भिंतीची दिशा निघते.

आणि एक चकवा. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून दुपारची सावली नेहमी उत्तरेला पडते असं पुस्तकात वाचून मुलं चुकतात. मुंबईत मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैअखेर पुन्हा. या दोन तारखांच्या मध्ये भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. त्यातले जून-जुलै ढगांत जातात. त्यामुळे दक्षिणेला पडलेली ठसठशीत आखूड सावली दिसली की फोटो बहुधा मेच्या दुसऱ्या पंधरवड्याचा.

प्रश्न : राणीच्या बागेत घोड्यावर बसलेला इंग्रजाचा पुतळा आहे, तोच आमच्या फोटोत आहे. पण फोटोतल्या मागच्या इमारती बागेजवळ कुठंच सापडत नाहीत. पाडल्या का? — भायखळा

इमारती तिथंच आहेत, पुतळा हलला. तो एडवर्ड राजपुत्राचा पुतळा म्हणजेच मूळ ‘काळा घोडा’. १८७९ मध्ये फोर्टात बसवला होता, १९६५ मध्ये तिथून काढून बागेत आणला. जागेचं नाव घोडा गेल्यावरही टिकलं, आणि २०१७ मध्ये तिथं स्वाराविना नवा घोडा उभा केला. फोटोतल्या मागच्या दगडी कमानी डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या. जाऊन बघा, आजही तशाच आहेत. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही १९६५ मध्येच जागचा उठला आणि भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आला. पुतळ्यावरून काळ ठरवावा, जागा ठरवू नये. जागेसाठी देऊळ, अग्यारी, मशीद, रस्त्यावरचा क्रूस किंवा जुनी पाणपोई शोधा. ट्रस्टची मालमत्ता सहजी पडत नाही. भात बाजारातलं केशवजी नाईकांचं कारंजं १८७६ पासून तिथंच आहे, भोवतालचा बाजार कितीही बदलो.

प्रश्न : फोटोमागे माहिती लिहून ठेवावी का? — सांगली

लिहा, पण बॉलपेनने नको. दाब पडून पुढे वळ उमटतो. मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. ‘कदाचित’ असेल तिथं ‘कदाचित’ लिहा. आणि स्कॅन करताना पांढरी किनार कापू नका, स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो.

आता माझाच एक प्रश्न. जुन्या बाजारात घेतलेला मुंबईचा एक फोटो दोन वर्षं माझ्याकडे अडकून पडला आहे. गल्लीचं तोंड, ट्रामचे रूळ तिथून डावीकडे वळतात, वर तार आहे. कोपऱ्यावर तीन मजली इमारत, तिचा कोपरा गोल कापलेला, प्रत्येक मजल्यावर गोल कोपऱ्यात तीन खिडक्या. कठड्यावर गुजरातीत संवत १९६१, म्हणजे १९०४-०५. खाली इराण्याचं हॉटेल. डावं-उजवं तपासलं आहे, अक्षरं सुलट आहेत. काळबादेवी, पायधुणी, नळबाजार पायाखाली घालून झाले. कुणी त्या गोल कोपऱ्याखाली चहा प्यायला असेल तर कळवा.